तारखेच्या अलीकडची कार्डं

कार्डाच्या तळाशी मधोमध एक भोक होतं, सहा मिलिमीटर व्यासाचं. खणातली सगळी कार्डं त्या भोकातून एका पितळी सळईत ओवलेली असत. रघुवीर त्रिलोकेकरांनी तीस वर्षांत अशी सहाशे अडतीस कार्डं लिहिली, आणि शेवटची ओळ नेहमी भोकाच्या वर थोडी जागा सोडून थांबवली. ती जागा किती असते हे त्यांच्या बायकोने, कालिंदीने, कधी मोजलं नव्हतं. आज पट्टी लावून मोजलं. चार मिलिमीटर. शंभरेक कार्डं पाहिली, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. आणि इमाम शाफिईच्या तिसऱ्या कार्डावर शेवटची ओळ सरळ भोकावरून गेली होती. पेन थांबलं नव्हतं. एका शब्दाचा मधला तुकडा कार्डावर नव्हताच. तो लिहिताना खाली आडव्या पडलेल्या कार्डावर निळा ठिपका होऊन उमटला होता.

कोपऱ्यात तारीख होती. ९ जानेवारी २०१८.

"अगं, मुकादम आला का?" गॅलरीतून रघुवीरांनी विचारलं.

"येतील."

"चार वाजता येतो म्हणालाय."

"हो."

चार वाजता येणार होता तो प्रफुल्ल, दादरचा प्रकाशक. शुक्रवारी कोश छपाईला जायचा होता. एका ट्रस्टने त्याच्या खर्चाचा भार उचलला होता, आणि मार्चअखेर पुस्तक हातात पडलं नाही तर ट्रस्ट अंग काढून घेणार होता. प्रफुल्लला कालिंदीचा होकार हवा होता. रघुवीरांच्या सहीला आता अर्थ राहिला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

कोश जुन्या मुस्लिम विद्वानांचा होता. कायदा सांगणारे, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं पारखणारे, तत्त्वज्ञ, सूफी. दोनशे दहा जण. ठाकूरद्वारच्या या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला हे का सुचावं, असं वाडीत पुष्कळांनी विचारलं होतं. सोसायटीच्या एका सभेत तर कोणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं होतं, "त्रिलोकेकर, आपले संत संपले का?" रघुवीर म्हणाले होते, "संपले नाहीत. त्यांच्यावर लिहिणारेही संपले नाहीत. म्हणून तर मी इकडे आलो."

खरं कारण साधं होतं. ते कोर्टात भाषांतराच्या खात्यात होते. खात्याच्या परीक्षेसाठी उर्दू शिकले, मग फारसी. एका वक्फच्या दाव्यात जुना दस्त आला, त्यात चार विद्वानांची नावं होती. हे कोण, एवढंच त्यांना हवं होतं. मराठीत सापडेना. मग ते डोंगरीतल्या एका शाळेत अरबी शिकवणाऱ्या मुकादम सरांकडे गेले. मुकादम मुरुडचे, घरात कोकणी बोलणारे. चार नावांची माहिती घ्यायला गेलेला माणूस अरबी शिकून परत आला. त्यानंतर दर रविवारी मुकादम सर दोन जिने चढून येत, आठवड्यात लिहिलेली कार्डं वाचत, मूळ ग्रंथांशी ताडून पाहत आणि पटलं की कोपऱ्यात हिरव्या शाईची बारीक खूण करत.

कालिंदी स्वतः रसायनशास्त्राची. परळच्या एका औषध कंपनीत एकतीस वर्षं तपासणी विभागात होती. तिथे नामंजुरीचा लाल शिक्का तिच्या टेबलावर असे. एकदा एका साहेबांनी, "जाऊ द्या हो बाई, फरक केवढासा," असं म्हटल्यावर तिने फाइल त्यांच्याकडे सरकवली होती. "मग सही तुम्ही करा." त्यांनी केली नव्हती.

कोशात तिचं काम कार्डांची पक्की नक्कल करण्याचं. अरबी तिला येत नव्हतं. पण तीस वर्षं नक्कल केल्यावर ही माणसं ओळखीची झाली होती. शाफिई तिला आवडे. इमाम मालिक या गुरूकडे शिकला, मग कायदा कसा वाचावा याचेच नियम त्याने बांधले. आधी पद्धत ठरवा, मग निर्णय द्या. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं.

शाफिईचं ते तिसरं कार्ड तिने पुन्हा वाचलं. मजकूर बालपणाचा. बाप लवकर गेला, आई गरीब, गुरुजींना द्यायला काही नाही. मुलगा हाडांवर लिही, कचेरीतून टाकाऊ कागद मागून आणी आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिही. आणि शेवटी भोकावरून गेलेली ती ओळ: 'असे कागद जमले की आई ते लाल दोऱ्याने शिवून त्याला वही करून देई.'

कालिंदी उठली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात सासूबाईंच्या साडीत गुंडाळलेली एक वही होती. ती तिने टेबलावर आणून ठेवली. गिरगावात लग्नं पुष्कळ होत आणि पत्रिका एका बाजूला कोऱ्या असत. सासूबाई विधवा झाल्या तेव्हा रघुवीर सहा वर्षांचे होते. त्या ओळखीच्या घरांतून पत्रिका गोळा करत आणि मुलाला वह्या शिवून देत. दोरा लाल, पूजेतल्या नाड्याचा, कारण घरात फुकट तेवढाच मिळे.

तिने माळ्यावरचं १९९४चं कच्चं टिपण काढलं. त्या वर्षी रघुवीर आणि मुकादम सरांनी मिळून शाफिई उतरवला होता. हाडं होती. टाकाऊ कागद होते. आईकडे गुरुजींना द्यायला काही नव्हतं, हेही होतं. दोरा नव्हता. वहीही नव्हती. जुन्या कार्डाला एका पावसाळ्यात ओल लागली म्हणून रघुवीरांनी ते पुन्हा लिहिलं होतं, आणि लिहिता लिहिता मक्केतली आई आणि ठाकूरद्वारची आई एक झाली होती.

तिने ही नक्कल स्वतः केली होती, सात वर्षांपूर्वी. लाल दोरा लिहिताना तिचा हात थबकला नव्हता.

*

स्मृती जात आहे हे तिला ऑगस्ट २०१९मध्ये कळलं, असं ती धरून चालली होती. त्या महिन्यात रघुवीरांनी एकाच विद्वानाचं चरित्र दोनदा लिहिलं, दोन वेगळ्या मृत्युवर्षांसह. त्यानंतरची एकतीस कार्डं तिने हळूच सळईवरून काढून डब्यात ठेवली. प्रफुल्लला सांगितलं, "तेवढी राहिलीत लिहायची." तो म्हणाला, "चालतंय काकू, पुरवणीत टाकू कधीतरी." तिला वाटलं, रेघ ओढली गेली. कोणाला न सांगता.

मुकादम सरांना मात्र आधीच कळलं होतं.

२०१७च्या दिवाळीत ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुरुडला गेले, आणि बायकोच्या आजारपणात तिथेच अडकले. परत आले ते २०१९च्या जूनमध्ये. मधल्या काळातल्या एकाही कार्डावर हिरवी खूण नव्हती. आल्यावर तीन रविवार ते आले. तिसऱ्या रविवारी रघुवीर आत पडले होते, तेव्हा चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "वहिनी, आमच्यात एक शास्त्र आहे. तुम्हाला आवडेल. तुमच्या लॅबसारखं."

"सांगा की."

"हदीस कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, अशी साखळी असते. मग साखळीतला एकेक माणूस तपासायचा. खरं बोलायचा का, त्याची याददाश्त कशी होती. हजारो माणसांच्या नोंदी आहेत. आणि वहिनी, म्हातारपणाचीही नोंद आहे. कोणाची स्मृती कधी ढळली, ते."

"मग त्याचं सगळं सोडून द्यायचं?"

"छे, छे. तारीख शोधायची. ढळण्याच्या आधी ऐकलं असेल ते घ्यायचं. नंतरचं सोडायचं."

"आणि आधीचं की नंतरचं हेच कळलं नाही तर?"

"तेही सोडायचं." त्यांनी कप बशीत ठेवला. "बसऱ्यात जरीर म्हणून एक होते. मोठा माणूस. त्यांचं असं व्हायला लागलं तेव्हा मुलांनी त्यांना घरातच ठेवलं, कोणाला भेटूच दिलं नाही. म्हणून त्यांचं नाव राहिलं. दुसरे एक, अली. माणसं पारखण्यात त्यांच्यासारखा कोणी नव्हता. त्यांचे वडीलही हदीस सांगायचे. लोकांनी विचारलं, तुमच्या वडिलांचं काय? ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला विचारा. लोक सोडेनात. मग बराच वेळ मान खाली घालून बसले, आणि म्हणाले, माझे वडील कच्चे आहेत."

ते बोलतायत ते बसऱ्याबद्दल नाही, हे कालिंदीला कळलं होतं.

"साहेबांनी मला तेच कार्ड तिसऱ्यांदा वाचायला दिलं, वहिनी. तीन रविवार, तेच."

"थकतात हो हल्ली."

"असेल. गझाली राहिलाय माझा वाचायचा. तेवढा बघतो मी सावकाश. ओळ न् ओळ."

तेव्हा कालिंदी म्हणाली, "सर, तुमचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. हे जिने कशाला चढता? मीच फोन करीन कार्डं तयार झाली की."

मुकादम सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली आणि "बरं वहिनी," म्हणाले. तिने फोन केला नाही. ते आले नाहीत. २०२१च्या एप्रिलमध्ये ते गेले. तिने रघुवीरांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिन्ही वेळा तसेच रडले. त्यानंतर ती "येतील" म्हणू लागली.

*

गझालीची अकरा कार्डं होती. फेब्रुवारी ते एप्रिल २०१८. रघुवीरांनी तो शेवटी ठेवला होता. "माझी अजून तयारी नाही," असं पंचवीस वर्षं म्हणत होते. कालिंदीच्या मते कोशातलं सगळ्यात चांगलं लेखन ते होतं. बगदादच्या मोठ्या मदरशात शेकडो विद्यार्थ्यांपुढे शिकवणारा माणूस, आणि एक दिवस त्याची जीभच चालेनाशी होते. अन्न उतरत नाही. वैद्य हात टेकतात. मग तो सगळं टाकून निघतो, दहा वर्षं भटकतो. ज्ञान आणि खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं शोधायला.

सातव्या कार्डावर लिहिलं होतं की मुलांच्या हाकांनी त्याला घरी ओढून आणलं.

ही ओळ तिला नेहमी आवडत असे. आज तिने ती चारदा वाचली. त्यांची मुलगी मनवा चार वर्षांची असताना रघुवीरांना हैदराबादला दोन वर्षं अभ्यासाची संधी मिळाली होती. ते तीन महिन्यांत परत आले. फोनवर मनवा नुसती "बाबा, बाबा" करायची, बाकी काही बोलायचीच नाही. मग या हाका कोणाच्या? गझालीच्या मुलांच्या असतीलही. पण तिला अरबी येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना तिने जिने चढू नका म्हटलं होतं.

९ जानेवारी २०१८पासूनची, हिरवी खूण नसलेली कार्डं तिने मोजली. डब्यातली एकतीस सोडून एकशे बासष्ट.

घंटा वाजली.

"बापरे, काय जिने आहेत तुमचे काकू!" प्रफुल्ल आत येताच खुर्चीत कोसळला. पन्नाशीचा, जाड, मनाने चांगला. "मेट्रो झाली, सगळं झालं, पण लिफ्ट नाही. काका बरे? अहो काका, नमस्कार! शुक्रवारी जातोय बरं का आपला कोश. फायनली!"

रघुवीर गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले. स्वच्छ पांढरा सदरा, बटणं नीट. सगळी कालिंदीने लावलेली. "मुकादमने पाहिलंय का सगळं?"

"पाहिलंय, पाहिलंय," प्रफुल्ल म्हणाला. त्याने कागद बाहेर काढले. "काकू, इथे एक आणि इथे एक सही. चहा नंतर, आधी सही."

"प्रफुल्ल, शाफिईमध्ये एक चूक आहे."

"एक ना? मग काढून टाकू. सांगा कुठली ओळ."

तिने त्याला वही दाखवली. कार्ड दाखवलं. त्याने दोरा बोटाने चाचपला आणि हसला. "किती गोड आहे हो हे. खरं तर राहू दे असंच वाटतंय." मग तिचा चेहरा पाहून, "बरं, काढू. झालं?"

"नाही झालं. ही मला दिसली, कारण ही वही माझ्या कपाटात आहे. ज्या गोष्टींच्या वह्या माझ्याकडे नाहीत, त्या मला कशा दिसणार? या तारखेपासूनची एकशे बासष्ट कार्डं आहेत."

"एकशे बासष्ट?" त्याने पेन खाली ठेवलं. "त्यात कोण कोण येतं?"

"गझाली येतो."

"काकू, प्लीज. गझाली नाही? मग त्याला खोडून काढणारा आपला इब्न रुश्द उत्तर कोणाला देतोय? भिंतीला? अख्खा कोश तिथे टेकलाय. लोक हसतील मला."

"माहितेय."

"मग दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घेऊ. युनिव्हर्सिटीत असेल कोणी."

"मी दोन ठिकाणी फोन केले दुपारी. एक जण म्हणाले, दीड वर्ष लागेल. दुसऱ्यांनी विचारलं, मराठीत कशाला?"

"दीड वर्ष म्हणजे ट्रस्ट गेला. ट्रस्ट गेला की मी हे छापू शकत नाही, खरं सांगतो. आज काकांचं वय..." तो थांबला. आवाज खाली आणला. "ऐका. कोण बघणारे हो? मराठीत हे तपासणारा एक माणूस दाखवा मला. एक. काकांच्या हातात पुस्तक येईल. त्यांना बघून तरी कळेल, आपलं आहे म्हणून. अजून एक वर्षाने तेही कळणार नाही. तुम्ही सांगाल तसं. हो म्हणालात तर छापतो. नाही म्हणालात तर हे खण परत बंद. सांगा."

कालिंदीने पेन उचललं नाही. "मला नको विचारू. दुसऱ्या कोणाला विचार."

"कोणाला विचारू? मुकादम सर तर गेले!"

तो बोलला आणि त्याने ओठ चावला.

"मुकादम गेला?" रघुवीर म्हणाले.

रघुवीर हळूहळू येऊन टेबलापाशी बसले. त्यांचे डोळे भरले, मग वाहिले. कालिंदीने त्यांच्या हातात रुमाल दिला. खाली वाडीत कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. बराच वेळ गेला. रुमाल हातात तसाच राहिला आणि चेहरा हळूहळू कोरडा, मोकळा झाला. ऐकलेलं मनातून गेलं होतं. समोर कार्डं होती. त्यांनी सवयीने बोटाने कडा सारख्या केल्या.

"कोणाचं चाललंय?" त्यांनी विचारलं. आवाज कोर्टातला होता. "बाई, कोणाबद्दल आहे वाद?"

बाई म्हणजे कार्यालयातली टंकलेखिका. हल्ली दुपारनंतर कालिंदी बहुतेक बाईच असे.

"एक आहेत," ती म्हणाली. "लिहिणारे. म्हातारपणी त्यांची स्मृती ढळली."

"अच्छा." ते ताठ बसले. "आधी विश्वासाचे होते?"

"पूर्ण."

"मग सोपं आहे. तारीख?"

"सापडलीय."

"पुरावा?"

"एक कार्ड. त्यात त्यांनी स्वतःच्या आईची गोष्ट दुसऱ्याच्या आईची म्हणून लिहिली."

"अरेरे," रघुवीर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "बिचारा. घरात लक्ष द्यायला कोणी नव्हतं का?"

कालिंदीने टेबलाची कड धरली. प्रफुल्ल खाली, आपल्या कागदांकडे पाहत होता.

"होतं," ती म्हणाली. "घरचं माणूस होतं."

"मग त्याने सांगायला हवं होतं. तारीख कळूनही जो सांगत नाही, त्याच्यामुळे आधीचं चांगलंसुद्धा जातं. सगळ्यावरच संशय येतो." त्यांनी एक कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं, भोक खाली येईल असं नीट फिरवून. "लिहा. आणि लिहिताना मोठ्याने म्हणा, म्हणजे मला तपासता येईल. आधी नाव."

तिने पेन उचललं. लाल दोऱ्याची वही शेजारीच होती. तिने ती बाजूला केली नाही.

"रघुवीर केशव त्रिलोकेकर," ती म्हणाली. "नऊ जानेवारी दोन हजार अठरा. त्या दिवसापासून पुढचं काहीही घेऊ नये."